पाठ तेवढी पणजोबांची

वऱ्हाडात जुन्या वस्तूचं वय वर्षांत सांगत नाहीत, पिढ्यांत सांगतात. अडकित्ता आजोबांचा, हंडा पणजीचा आणि तान्ह्या पोळ्याचा लाकडी बैल असला की तो थेट पणजोबांचा. त्याच्या अलीकडे बैल यायला तयारच नसतो. आमच्या अमरावतीच्या घरी असा एक आहे. अकोल्याला ज्या ज्या घरी जेवलो, तिथेही एकेक आहे. सगळ्यांचे पणजोबा बैल घ्यायला एकदमच निघाले असावेत.

आमचे अकोल्याचे साडभाऊ मात्र हा पिढ्यांचा हिशेब मानत नाहीत. निवृत्तीनंतर ते जुनी खेळणी जमवू लागले आणि त्याहून आवडीने दुसऱ्यांची जुनी खेळणी नवी ठरवू लागले. एका खिशात भिंग, दुसऱ्यात नोटा तपासायची जांभळी बत्ती. नातेवाईक त्यांना लग्नाला बोलावतात, घरी बोलवायला कचरतात. घरी शोकेस असतं.

त्यांची पहिली परीक्षा भूगोलाची. खोक्यावर दुकानाचा पत्ता ‘अमरावती, मध्य प्रदेश’ असा दिसला, तर तुम्ही-आम्ही छापणाऱ्याला हसू. साडभाऊंचे डोळे पाणावतात. १९५० ते १९५६ आपण मध्य प्रदेशात होतो. १ नोव्हेंबर १९५६ ला द्विभाषिक मुंबई राज्यात गेलो आणि १ मे १९६० ला महाराष्ट्रात आलो. वऱ्हाडी माणूस ओसरीवरून हलला नाही, राज्यंच येऊन गेली. पण त्यामुळे खोक्यांची वयं कळतात. किंमत आण्यांत छापली असेल, तर माल बहुधा १ एप्रिल १९५७ च्या आधीचा. सहा आकडी पिनकोड असेल, तर १५ ऑगस्ट १९७२ च्या नंतरचा. रुपयाचं नवं चिन्ह दिसलं, तर २०१० उजाडून गेलेलं.

एका जुन्या बाजारात ‘स्वातंत्र्याच्या आधीची’ पत्र्याची आगगाडी निघाली. साडभाऊंनी खोकं फिरवलं आणि विचारलं, “काहून बापा, इंग्रज जाताना पिनकोड ठेवून गेले काय?”

“खोकं नवं हाय साहेब, गाडी जुनीच हाय.”

साडभाऊंनी गाडी उलटी केली. जुन्या पत्र्याच्या खेळण्यात एका भागाची पत्र्याची जिभली दुसऱ्याच्या खाचेत घालून मुडपलेली असते. इथे फुलीच्या खाचेचे चकचकीत स्क्रू होते. मग बत्ती पेटली. दुसऱ्या महायुद्धानंतर कागद पांढराशुभ्र दिसावा म्हणून त्यात चमकद्रव्यं घालू लागले, आणि जांभळ्या उजेडात ती निळसर पेटतात. खोकं असं उजळलं की विक्रेत्याचा चेहराच काय तो काळवंडलेला राहिला.

प्लॅस्टिकच्या बाबतीत साडभाऊ ठशावर विश्वास ठेवत नाहीत. बार्बीच्या पाठीवर १९६६ कोरलेलं असतं, पण ते साल त्या घडणीच्या हक्काचं. तोच ठसा पुढे कित्येक वर्षं उमटत राहिला. आपल्याकडे गुरुजींनी शाळेत नाव घालताना अख्ख्या वर्गाची जन्मतारीख १ जून लिहावी, त्यातलाच प्रकार.

लाकडी बैलाला मात्र पत्ता नाही, पिनकोड नाही. तिथे साडभाऊंचं खरं शास्त्र लागतं. नकली जुना बैल सगळीकडून सारखाच जुना असतो. चहाचं पाणी, बूटपॉलिश आणि वाळूकागद निःपक्षपाती असतात. पोरगं पक्षपाती असतं. ते बैलाला कानाला धरून उचलतं, दोरी मानेलाच बांधतं, दाराच्या उंबऱ्यावर त्याच चाकाने आपटतं आणि पोटाकडे ढुंकूनही बघत नाही. म्हणून अस्सल बैलाचा कान तुटका, मान घासलेली, आसाचं भोक लांबट आणि पोटाचा रंग शाबूत. शिवाय दर पोळ्याला घरचं कुणीतरी उरलेला ऑइलपेंट फासतं. खरवडलं की खाली खिडकीचा हिरवा, त्याखाली फाटकाचा निळा.

शेवटी ते आमच्या बैलाकडे वळले. बराच वेळ खरवडून निकाल दिला, “चाकं नवी, शिंगं त्याहून नवी, एक कान गेला, दुसरा परवाचा.”

“मंग यात पणजोबाचं काय हाय?” आमच्या घरच्या काकूंनी विचारलं.

“पाठ.”

“कान आमच्या पोराईनं तोडले, बापा,” काकू म्हणाल्या. “ज्याच्या बैलाले मूळचे दोनी कान हायेत, त्याच्या घरी पोरं नोयती, पाहुणे होते.”

साडभाऊंनी भिंग मिटलं. काकूंनी नकळत त्यांच्या धंद्याच्या दुखऱ्या नसेवर बोट ठेवलं होतं. बाजारात सगळ्यात जास्त भाव येतो तो न खेळलेल्या खेळण्याला. फनस्कूलने भारतात काढलेले जी. आय. जो सैनिक आज परदेशातले हौशी लोक शोधतात, तेही पुठ्ठ्यावरून न सोडलेले. न सोडलेले म्हणजे काय? तर एखाद्या आईने ‘पाहुणे आले की काढू’ म्हणून शोकेसमध्ये ठेवून किल्ली कमरेला खोचलेली. खेळण्याचा भाव हा असा पोराच्या रडण्यावर ठरतो.

तेव्हा नातवंडांच्या भविष्याची काळजी असलेल्यांनी आजची खेळणी खोक्यासकट कुलपात घालावीत. मीही परवा नातवाची नवी मोटार ठेवायला निघालो होतो. खोकं जपून कपाटावर ठेवलं. मोटार मात्र मिळाली नाही. ती त्याने संध्याकाळपर्यंत अस्सल करून टाकली होती.