बंदीतून सुटलेला थर्माकोल

डिशवॉशर बंद पडला की घरातल्या गृहस्थाची चाल बदलते. हात मागे बांधून तो यंत्रासमोर उभा राहतो. पडद्यावर एक रोमन अक्षर आणि दोन आकडे लुकलुकत असतात आणि आतून पंपाची घूंऽऽ चालू असते. दार उघडलं तरी घूं, बटण दाबलं तरी घूं. प्लग काढून परत लावला तर पाच सेकंद शांतता, की पुन्हा घूं. "अहो, कंपनीचा माणूस बोलवा ना," असं सौ. म्हणतात आणि तिथेच घात होतो. कारण गृहस्थ मेकॅनिकलचा इंजिनियर असतो. गेल्या पंचवीस वर्षांत त्याने एक्सेलच्या फाइलीखेरीज काही उघडलेलं नसतं, पण पदवी ती पदवी.

यंत्र घरात आलं ते २०२० च्या टाळेबंदीत. सोसायटीच्या गेटवर मावशींना अडवलं गेलं, सिंकमध्ये कुकर साचले आणि आठवड्याभरात सुशिक्षित घरांना यंत्रयुगाची हाक ऐकू आली. पुढे गेट उघडलं, तेव्हा "भांड्यांचं आता नको हं मावशी, केर-फरशी तेवढी करा," असं सांगून झालं. वॉरंटी दोन वर्षांची होती. यंत्र मोठं समजूतदार, वॉरंटी असेतो एकदाही आजारी पडलं नाही.

दुरुस्तीचा पहिला टप्पा व्हिडिओचा. त्यात एक गोरा गृहस्थ स्वतःच्या गॅरेजात दोन बोटांनी यंत्र बाहेर ओढतो. आपल्याकडे यंत्र असतं ड्राय बाल्कनीत, एका बाजूला भिंत आणि दुसऱ्या बाजूला वॉशिंग मशीन अशा कात्रीत. ते काढायचं तर आधी वॉशिंग मशीन हलवा, त्याआधी कांदे-बटाट्यांची जाळी, त्याआधी सिलिंडर, आणि सिलिंडरवर ठेवलेली ती पिशव्यांची पिशवी. यातच शनिवार संपतो.

रविवारी फिल्टर निघतो, आणि हे मात्र योग्यच आहे. निम्मी दुखणी फिल्टरमध्येच असतात. आत मोहरी, कढीपत्त्याचे देठ, लिंबाच्या बिया, एक टूथपिक, दाण्याच्या कुटाचा चिखल आणि वास येणारं, ओळख न पटणारं बरंच काही. बिया आणि काचेचे बारीक तुकडे निचऱ्याच्या पंपाच्या पात्यात अडकतात, हेही खरं. गृहस्थ तिथंही बोट घालून बघतो. मग फवाऱ्याच्या हातांची भोकं सुईनं साफ होतात. नळाकडच्या जाळीत टँकरची रेती सापडते. निचऱ्याची नळी वर उचलून नेलेली आहे ना, हे टॉर्चनं पाहिलं जातं, कारण ती खालीच राहिली तर सिंकचं पाणी उलटं यंत्रात येतं. मिठाचा कप्पाही तपासला जातो. बोअरच्या जड पाण्यातला कॅल्शियम आत अडवणाऱ्या रेझिनला ते मीठ लागतं, आणि तिथं जेवणातलं आयोडीनयुक्त मीठ चालत नाही. पिण्याच्या पाण्याच्या भारतीय मानकात एकूण कठीणपणाची स्वीकारार्ह मर्यादा लिटरला २०० मिलिग्रॅम आहे आणि दुसरा स्रोतच नसेल तर ६००. टँकरवाल्याला यातला कुठलाच आकडा ठाऊक नसतो.

इतकं सगळं झालं तरी घूं चालूच. तेव्हा गृहस्थ निदान करतो: पंप गेला. नवा पंप ऑनलाइन मागवला जातो. तो बसवायचा तर चांदणीच्या आकाराच्या खाचेचे स्क्रू उघडायला हवेत, म्हणून टॉर्क्सच्या बिटांची डबी येते. हे स्क्रू कंपन्या वापरतात ते बहुधा गृहस्थाचा अंत पाहायलाच. पंप बसतो. नवा पंप जुन्यापेक्षा चढ्या आवाजात घूं करतो.

आणि या सगळ्या काळात, पहिल्या दिवसापासून, फरशी पुसणाऱ्या मावशी सांगत असतात, "दादा, याच्या खालनं पाणी येतंय." दादा सांगतात, "ते कंडेन्सेशन आहे मावशी."

आता मुख्य पात्राकडे येऊ. डिशवॉशरच्या पोटाखाली एक उथळ ट्रे असतो. कुठं काही गळलं तर पाणी तुमच्या फरशीवर न जाता या ट्रेमध्ये साचावं, ही योजना. त्या ट्रेमध्ये बर्फीच्या वडीएवढा थर्माकोलचा तुकडा बसवलेला असतो. पाणी साचलं की तुकडा तरंगतो, वरचं बारीक स्विच दाबतो, आणि यंत्राची खात्री पटते की घरात पूर आला आहे. मग ते नळाचं पाणी आत घेणं बंद करतं आणि निचऱ्याचा पंप चालू करतं. वॉटरप्रूफिंग या विषयावर ज्यांच्या सोसायटीची सर्वसाधारण सभा पहाटेपर्यंत चालली आहे, त्यांना ही कल्पना पटेल. खालच्या मजल्याचं छत वाचतं.

पण पुढचं वाचा. निचऱ्याचा पंप पाणी ओढतो भांड्यांच्या टाकीतलं. खालच्या ट्रेमधून बाहेर जायला वाटच नसते. म्हणजे ज्या पाण्याच्या नावानं पंप रात्रंदिवस ठणाणा करतो, त्या पाण्यापर्यंत त्याची नळी पोचतच नाही. टाकी केव्हाच कोरडी झालेली असते. पंप कोरड्या टाकीला उपसत राहतो, ट्रेमधलं पाणी थर्माकोलला तरंगत ठेवतं, थर्माकोल पंपाला चालू ठेवतो. एखादा अर्ज टेबलावरून टेबलावर फिरत राहावा आणि सही करणारा दुसऱ्याच इमारतीत बसावा, तसा हा कारभार. यात यंत्र कुठंही चुकत नाही, हे विशेष. जसं बनवलं तसंच ते वागतं.

थर्माकोल म्हणजे ९८ टक्के हवा. उरलेल्या दोन टक्क्यांनी पंचेचाळीस हजारांचं, इन्व्हर्टर मोटारीचं, चौदा जणांच्या ताटवाट्या गिळणारं, ७० अंशांवर कढया उकळणारं यंत्र गुडघ्यावर आणलेलं असतं. आणि हा थर्माकोल कुठल्या राज्यात? जिथं २०१८ च्या मार्चमध्ये प्लास्टिकबरोबर थर्माकोलच्या ताटवाट्यांवर आणि सजावटीच्या सामानावर बंदी आली तिथं. त्या वर्षी याच गृहस्थानं सोसायटीच्या गणपतीचं मखर पुठ्ठ्याचं करायला लावलं होतं, आणि थर्माकोल कसा कुजत नाही यावर आरतीनंतर अर्धा तास बोलला होता. प्रसादाचे मोदक तोवर गार झाले. माळ्यावरचं जुनं मखर त्यानं स्वतः काढून टाकलं. घर थर्माकोलमुक्त झाल्याचं त्यानं ग्रुपवर जाहीर केलं, त्यावर अठ्ठावीस अंगठे आले. आणि दोन वर्षांनी एक तुकडा बंद खोक्यातून, स्टीलच्या पत्र्याआड लपून, हप्त्यांवर घरात शिरला. मखरातल्या थर्माकोलवर निदान चमकी तरी होती. हा अंधारात बसून सत्ता चालवतो. त्याच्यापुढे गृहस्थ आता ड्राय बाल्कनीत पालथा पडून, तोंडात टॉर्च धरून, साष्टांग घालतो आहे. कान फरशीला, नाक रिन्स एडच्या बाटलीला.

बरं, पाणी आलंच कुठून? त्याचं उत्तर पंपाकडे नाही, हिशेबाच्या वहीत आहे. डिशवॉशरची वडी महाग. गृहस्थानं विचार केला की साबण तो साबण, आणि सिंकवरचं हिरवं लिक्विड चमचाभर आत ओतलं. हातानं भांडी घासायच्या लिक्विडला फेस येतो, यायलाच हवा, त्याशिवाय घासणाऱ्याला स्वच्छ वाटत नाही. डिशवॉशरच्या पावडरीला मात्र फेस जवळजवळ नसतो, तो नसावा म्हणूनच ती वेगळी बनवतात. बंद डब्यात जोराच्या फवाऱ्यानं चमचाभर लिक्विडाचा बादलीभर फेस होतो, तो दाराच्या खालच्या रबरातून वाट काढतो, निवतो आणि ट्रेमध्ये पाणी होऊन साचतो. मावशींना हे यंत्र न उघडताही कळलं असतं. त्यांनी तसं विचारलंही होतं, "साबण कुठला घालता?"

इलाज असा आहे, आणि तो एका परिच्छेदात मावतो. प्लग काढा. नळाचा कॉक बंद करा. खालची पुढची पट्टी सोडवा आणि ट्रेमधलं पाणी स्पंजनं टिपून घ्या, किंवा दोघातिघांनी धरून यंत्र तिरकं करा आणि पाणी बाहेर येऊ द्या. रात्रभर सुकू द्या. मग गळती फेसाची की नळीच्या क्लिपेची की दाराच्या रबराची, ते बघा. थर्माकोल खाली बसतो, पंप गप्प होतो, अक्षर आणि आकडे जातात.

मग प्रश्न पडतो की हे चार ओळींचं ज्ञान यंत्राबरोबर आलेल्या जाडजूड पुस्तकात का नाही? पुस्तक अनेक भाषांत असतं. त्यात विजेचा धक्का बसू शकतो, लहान मूल आत बसू शकतं, सुऱ्या टोक खाली करून ठेवाव्यात, सगळं असतं. या आकड्यासमोर मात्र एकच वाक्य: नळ बंद करा आणि अधिकृत सेवा केंद्राशी संपर्क साधा. यंत्राला वाय-फाय आहे. भांडी धुऊन झाली की ते फोनवर निरोप धाडतं, जणू कुणी प्रसूतिगृहाबाहेर येरझारा घालत होतं. रिन्स एड संपत आलं की निरोप, सोबत विकत घ्यायचं बटण. पण "खाली पाणी साचलंय, पुसून घ्या" एवढा निरोप लिहायला कुणाचे हात धरले होते? ते स्विच दाबलं गेलंय हे यंत्राला पक्कं ठाऊक असतं. त्यासाठीच ते स्विच आहे! ठाऊक असूनही ते अक्षर आणि आकड्यांत बोलतं, कारण मराठीत किंवा इंग्रजीत सरळ बोललं तर व्हिजिट चार्ज बुडतो. अधिकृत माणूस येतो, यंत्र तिरकं करतो, टॉवेल मागतो, तोही तुमचाच, आणि "सर, आता एएमसी घेऊन टाका" म्हणतो. पाणी पुसायचे पैसे द्यायला ना नाही. फरशी पुसायचे मावशींना देतोच. पण त्या पाण्याला कोड लावून येत नाहीत.

युरोपात १ मार्च २०२१ पासून याबाबत नियम आहे. फवाऱ्याचे हात, रबरी सील, फिल्टर, आतल्या जाळ्या हे भाग मॉडेल बाजारातून गेल्यावरही १० वर्षं कुणालाही मिळाले पाहिजेत, आणि मागणी आल्यापासून कामाच्या १५ दिवसांत. मोटर, पंप, हीटर, सर्किटचे बोर्ड ७ वर्षं, पण तेवढे फक्त व्यावसायिक दुरुस्तीवाल्यांना. पंपाची गोष्ट निघताच घरच्या इंजिनियरला बाजूला ठेवणाऱ्या त्या नियमकर्त्यांनी अशा कुठल्या तरी गृहस्थाकडे चहा घेतलेला असणार. आपल्याकडेही २०२२ साली दुरुस्तीच्या हक्काचा गाजावाजा झाला, संकेतस्थळ निघालं. कॉल सेंटरवरची ताई तरीही म्हणते, "सर, तुमचं मॉडेल डिस्कंटिन्यू झालंय. एक्स्चेंज ऑफर सांगू का?"

ही शोधमोहीम चालू असताना भांडी कोण घासत होतं, याची व्हिडिओत कुठं नोंद नाही. सौ. घासत होत्या. मागून गृहस्थ पाणी कसं वाचवता येईल ते सांगत होता, यंत्राला एका खेपेला जेमतेम दहा लिटर लागतं वगैरे. त्या दहा लिटरांच्या यंत्राला चाचणीसाठी रिकामं किती वेळा फिरवलं, ते मीटरला माहीत. मग मावशींशी बोलणी झाली. मावशींनी यंत्राकडे पाहिलं, गृहस्थाकडे पाहिलं आणि म्हणाल्या, "भांड्यांचे वेगळे पडतील वहिनी. आणि कढई मी घासणार नाही, तिला आता सवय राहिली नाही."

यंत्र आता चालतं. गृहस्थाची कीर्ती बी विंगपर्यंत गेली आहे आणि येत्या रविवारी दुसऱ्या मजल्यावरचा डिशवॉशर तिरका करायचं ठरलं आहे. यंत्र पन्नास किलोच्या आसपास, म्हणून चौघे लागतील, त्यांचा चहा-पोह्यांचा बेत आहे. जुने टॉवेल घरून आणावेत, अशी सूचना गृहस्थानं ग्रुपवर टाकली आहे, खाली टॉर्क्सच्या डबीचा फोटो. बशा, कप आणि पोह्यांची कढई यांचं काय, असं दुसऱ्या मजल्यावरच्या वहिनींनी मावशींना विचारून ठेवलंय. मावशी म्हणाल्या, रविवारचे वेगळे.