शेवटची ओळ

सरांना लग्नपत्रिका देऊ नका. मागच्या मे महिन्यात मी चुलतभावाची दिली. त्यांनी ती थेट तळापासून वाचली आणि गंभीर चेहऱ्यानं विचारलं, "'आमच्या काकाच्या लग्नाला यायचं हं!' हे काका कोण?" मुहूर्त वर छापला होता, तिथवर सर पोचलेच नाहीत. पंगती उठल्यावर उगवले.

असा एखादा सॉफ्टवेअरवाला तुमच्याही ओळखीत असेलच. आमचे सर वीस-बावीस वर्षं पुण्यात कोड लिहून मोखाड्याला परतले आणि आता ओटीवर पायथॉन शिकवतात. एका वेळी एकच पोर. स्वतः कीबोर्डला शिवत नाहीत, दोन्ही हात पाठीशी. पायथॉनमध्ये काही बिघडलं की मशीन लांबलचक रामायण सांगतं. पण खरं दुखणं सगळ्यात खालच्या ओळीत असतं, वरच्या ओळी नुसत्या आपण तिथवर कसे आलो ते सांगतात. म्हणून पोरानं "सर, चालत नाही" म्हटलं की उत्तर ठरलेलं: "शेवटची ओळ वाच. मोठ्यानं."

इथवर ठीक होतं. पण सर वर्तमानपत्रही 'छापून प्रसिद्ध केले'पासून वाचतात. का, तर "बातमी चुकली तर कुणाला धरायचं, ते तिथंच लिहिलेलं असतं." माझा फोन बंद पडला तेव्हा म्हणाले, "शेवटची ओळ काय होती?" अहो, पाटी काळीठिक्कर पडलीय, ओळ कुठली आणू?

एप्रिलमध्ये एकदा भाचीच्या तासाला बसलो. गणित टँकरचं होतं: पाड्यात माणसं किती, माणशी पाणी किती, खेपा किती. तिनं चालवलं, लाल अक्षरं आली.

"शेवटची ओळ."

"नेमएरर. नेम 'पानी' इज नॉट डिफाइन्ड."

"म्हणजे?"

"पाणी म्हणजे किती, ते आपण सांगितलेलंच नाही म्हणतंय."

वरच्या स्पेलिंगात एक 'ए' होता, खालच्यात दोन. सरांनी रस्त्याकडे पाहिलं. हंडे घेऊन बायका टँकरची वाट बघत होत्या. मध्य वैतरणा धरण आमच्याच तालुक्यात. त्यातून रोज साधारण ४५ कोटी लिटर पाणी मुंबईला जातं.

"मशीन खोटं बोलत नाही," सर म्हणाले. "पुढं चल."

पावसाळ्यात लाइट गेली की दोन-दोन दिवस येत नाही. अशाच एका संध्याकाळी तास बुडणार म्हणून भाची खुशीत होती. सरांनी वही पुढं सरकवली. "लिही. मशीन मी." बॅटरीच्या उजेडात एकेका ओळीवर बोट ठेवून त्यांनी तिचा प्रोग्राम चालवला. चौथ्या ओळीत ती कोलन विसरली होती. सर तिथंच थिजले. चहाचा कप अर्ध्यावर, पापणी हलेना. काकू आतून धावत आल्या. तेव्हा कुठं तोंड उघडलं: "सिन्टॅक्स एरर. ओळ चार." भाचीनं दोन टिंबं दिली, मग सरांनी गार चहा प्यायला. त्या संध्याकाळी ती तीनदा चुकली आणि हा माणूस तीनदा बंद पडला. एकदाही रागावला नाही.

फी ज्याला जमेल त्यानं द्यावी. बाकीच्यांकडून नागलीचे पापड येतात. पुण्यात ह्याच तासाला काय भाव असेल, ते विचारायचं मी दर वेळी ठरवतो आणि विचारत नाही.

हा मजकूर सर वाचतीलच, आणि कुठून वाचतील ते आता सांगायला नको. म्हणून कामाचं तेवढं इथं खाली लिहितो: सर, शनिवारी भाचीचा तास सकाळी ठेवा, आणि ह्या खेपेला पापड जास्त पाठवलेत, परत करू नका.