पितळी दांडीचं कपाट

आमच्या मॅटाडोरचं इंजिन मर्सिडीजचं आहे, हे वाक्य मी कुठल्याही गप्पांत तिसऱ्या मिनिटाला बसवू शकतो. विषय डाळीच्या भावाचा असो, नाहीतर कुणाच्या मोतीबिंदूचा. त्यात खोटं काही नाही. बजाज टेम्पोनं मर्सिडीजच्या परवान्यावर डिझेल इंजिनं इथेच बनवली आणि आधीच्या मालकानं त्यातलंच एक या गाडीत बसवून घेतलं. 'परवान्यावर' आणि 'इथेच' हे दोन शब्द मी जरा हळू उच्चारतो, एवढंच.

गाडीचं आतलं घर मी स्वतः उभं केलं. दोन बाक, जोडले की पलंग. शेगडी. पाण्याची टाकी. आईच्या जुन्या साड्यांचे पडदे. आणि ड्रायव्हरच्या पाठीमागे माझा अभिमानबिंदू, म्हणजे पुस्तकांचं सागवानी कपाट. घाटात पुस्तकं पडू नयेत म्हणून त्याला आडवी पितळी दांडी. कपाटाचे फोटो मी निघायच्या आधीच सगळ्या नातेवाइकांना पाठवले आणि खाली लिहिलं, 'आता बुकिंग नाही, चेकआउट नाही. मन म्हणेल तिथे मुक्काम.' मन कुणाचं, हे कुणी विचारलं नाही. चुलतभावानं फक्त अंगठा पाठवला.

ताम्हिणीतून उतरताना या गाडीची एक खासियत घरच्यांना कळली. इंजिन ड्रायव्हर आणि शेजारच्याच्या मधोमध, केबिनच्या आतच असतं. त्याचं झाकण तापलं की माझा डावा आणि शेजारच्याचा उजवा पाय शेकून निघतो. बायको मागे निघून गेली. आई पुढे आली, गुडघा झाकणाला टेकवून बसली आणि म्हणाली, "बरं वाटतंय हो." गाडीला मिळालेली ही पहिली दाद.

रस्त्यात लोक माझ्याकडे बघतील, अशी माझी अपेक्षा होती. वाढवलेली दाढी, खिशाखिशांची पँट, गळ्यात रुमाल. लोक बघत होते, पण गाडीकडे. माणगावला चहाला थांबलो तर एक आजोबा आले, माझ्या अंगावरून पुढे गेले आणि त्यांनी मॅटाडोरच्या पत्र्यावर थाप मारली. "आमची वरात हिच्यातनंच आली होती."

आता विषय निघालाच आहे तर सांगतो. (इथे बायको नेहमी उठून जाते. वाचकांनाही मुभा आहे.) महाराष्ट्रात एका पिढीला मॅटाडोरनं वाहून नेलं आहे. शाळेत मॅटाडोरनं, लग्नाला मॅटाडोरनं, ऑर्केस्ट्राचे ढोल मॅटाडोरनं, दुधाचे कॅन मॅटाडोरनं आणि आजारी माणूस तालुक्याला न्यायचा तो सुद्धा मॅटाडोरनं. मुळात ही पोरगी हँबर्गची. तिथल्या विडाल अँड झोन कंपनीच्या 'टेम्पो' गाड्या. फिरोदियांनी 1958 मध्ये बजाज टेम्पो उभी केली, आधी तीनचाकी आणली आणि 1969 पासून मॅटाडोर. तिकडे हँबर्गची कंपनी संपली, नाव पुसलं गेलं. इकडे आकुर्डीत मॅटाडोर पुढची तीसेक वर्षं निघत राहिली. जर्मन बाईनं इकडे येऊन संसार थाटावा, माहेर बुडावं आणि तिनं इथल्या रस्त्यांवर शेवटपर्यंत भाकऱ्या थापाव्यात, तसं ते आहे. हा सगळा इतिहास मी बागमांडल्याच्या जेट्टीवर फेरीबोटीचं तिकीट काढताना खिडकीतल्या मुलाला ऐकवला. त्यानं हँबर्गपर्यंत शांतपणे ऐकलं. मग मागच्या अकरा गाड्यांच्या हॉर्नमध्ये विचारलं, "काका, गाडी छोटी लावू की मोठी?"

सावित्रीची खाडी ओलांडून वेश्वीला उतरलो आणि केळशीच्या अलीकडे एका वाडीत गाडी गार करायला थांबलो. पांढरी गाडी, बाजूला पडदे. पाच मिनिटांत दोन म्हाताऱ्या आणि एक काठीवाले गृहस्थ दाराशी हजर. "डॉक्टर आले नाय काय?" मी म्हटलं, आम्ही फिरायला आलोय. "मग डोळे कवा तपासनार?" माझ्या भटकंतीचं तत्त्वज्ञान मी त्यांना समजावू लागलो. राहतं घर सोडून हा माणूस गाडीत का झोपतो, हे त्यांना काही उलगडेना. "घर पडलं काय?" एकीनं फार मायेनं विचारलं. तेवढ्यात आईनं आपला औषधांचा डबा काढला. गुडघ्याला महानारायण तेल, पोटाला हिंग्वाष्टक. वाडीतून निघताना आमच्याकडे दोन शहाळी, फणसाचे गरे आणि एक कोंबडी आली. कोंबडी लेकीनं परत केली. माझ्याशी कुणी हात मिळवला नाही.

दुसऱ्या दिवशी दाभोळच्या जेट्टीवर बोटीची वाट बघत होतो. आईची बाटली भरून घ्यावी म्हणून उचलली, तर ती सकाळी भरली होती तशीच काठोकाठ. मे महिना, डोक्यावर ऊन.

"आई, पाणी नाही प्यायलीस?"

"पिते नंतर."

"नंतर म्हणजे?"

"नंतर म्हणजे संडास दिसला की," बायको म्हणाली. "तिची एकटीचीच नाही. माझी बघ, तिची बघ." लेकीचीही बाटली भरलेली. तिघींनी आपसात काही ठरवलंही नव्हतं. तशीच वहिवाट असते.

मी सकाळपासून तीनदा 'निसर्ग बघून' आलो होतो. रस्त्याच्या कडेला, समुद्राकडे तोंड करून, शीळ घालत. तेवढ्याच वेळात या तिघींनी एक कुलूपबंद स्वच्छतागृह पाहिलं, एका पंपावर 'चावी मालकाकडे, मालक जेवायला' हे उत्तर ऐकलं आणि एका ठिकाणी आत पाऊल टाकून तसंच मागे घेतलं. मुंबईत बायकांना यासाठी 'राइट टू पी' नावाची चळवळ करावी लागली, कारण मुताऱ्या पुरुषांना फुकट आणि बायकांना पैसे, असा तिथला न्याय होता. राज्याचं कॅराव्हॅन पर्यटनाचं धोरण 2021 मध्ये आलं. त्याचा मसुदा मी कौतुकानं वाचला होता, त्यातल्या फक्त पार्किंगच्या कलमांवर रेघा मारल्या होत्या. माझ्या आईनं शाळेतल्या नोकरीची सगळी वर्षं अशीच काढली असणार. सकाळी आठचं पाणी, मग संध्याकाळी घरी. तिच्या मूत्रखड्याला आम्ही 'तिची प्रकृतीच तशी' म्हणत आलो. राग यायला हवा होता तो कुणावर, हे मला बोट भरेपर्यंत ठरवता आलं नाही. बोटीवर तर माझ्याच गाडीच्या पत्र्यात माझं तोंड दिसत होतं.

"चाकांवरचं घर म्हणे," बायको म्हणाली. "कपाटाला दांडी सुद्धा पितळी."

गुहागरला सुतार मिळाला. कपाट उतरवायला त्याला वीस मिनिटं लागली. मला ते बसवायला दोन महिने लागले होते. लाकूड बघून तो हळहळला आणि मजुरीऐवजी लाकूडच ठेवून घेतलं. पुस्तकं पलंगाखाली गेली. औषधांच्या दुकानातून म्हाताऱ्या माणसांसाठी असते ती कमोडची खुर्ची आणली, तीन बाजूंनी आईच्या साडीचा उरलेला पडदा लावला. खालचं भांडं रिकामं करून धुण्याचं खातं सर्वानुमते माझ्याकडे आलं. मी लॉजच्या मॅनेजरांना विनंत्या करून त्यांचे संडास वापरू लागलो. बुकिंग न करता लॉजमध्ये रोज जाणारा मीच.

आई पाणी प्यायला लागली. हेदवीच्या गणपतीपाशी तर तिनं दोन ग्लास कोकम सरबत घेतलं आणि तिसऱ्याची चौकशी केली.

तवसाळच्या जेट्टीवर गाड्यांची रांग होती, जयगडहून बोट यायला वेळ होता. पुढच्या गाडीतली एक मुलगी बराच वेळ इकडेतिकडे बघत उभी होती. आईनं तिला नुसतं बघून ओळखलं. "ये गं बाळ, आत आहे सोय." ती गेली, आली आणि तिनं आपल्या सासूला पाठवलं. सासूनं जावेला. मग मागच्या मिनीबसमधल्या बायका उतरल्या. तिघी, चौघी, सातजणी. रांग माझ्या दारापासून तिकीटखिडकीपर्यंत गेली. पुरुष मंडळी समुद्राकडे बघत उभी राहिली, जणू त्यांना तिथे काही दिसत होतं. मी शेजारच्या घरच्या विहिरीवरून बादल्या आणत होतो. एकानं आदरानं विचारलं, "सरकारी योजना का?"

बोट लागली. खलाशानं शिट्टी मारून मला पुढे यायची खूण केली. मी ड्रायव्हरच्या सीटवर चढलो आणि चावीला हात घातला.

"थांब," पडद्यामागून आई म्हणाली. "अजून दोघी आहेत."

खलाशानं दुसरी शिट्टी मारली. आईनं खिडकीतून डोकं बाहेर काढून त्याला हात दाखवला, वर्गात बडबडणाऱ्या पोराला दाखवावा तसा नव्हे, सरळ वाहतूक पोलिसाचा. बोट थांबली.