विंचेच्छुक

थार किंवा जिम्नीसारखी डोंगर-चिखलाची गाडी दारात आली की काही महिन्यांत पुण्या-मुंबईतल्या काही सज्जनांच्या बोलण्यात पौंड शिरतात. भाजी किलोवर, सोनं तोळ्यावर घेणारा आणि स्वतःचं वजन शक्यतो गुप्त ठेवणारा माणूस अचानक ‘साडेनऊ हजार पौंड’ म्हणू लागला, की समजावं, हा विंचेच्छुक झाला. विंच म्हणजे पुढच्या बंपरात बसवायची मोटर, गिअर आणि ड्रम, नि त्यावर गुंडाळलेला पंचवीसएक मीटर दोर. गाडी रुतली की दोराचं टोक झाडाला बांधायचं, बटण दाबायचं आणि गाडीनं स्वतःच स्वतःला ओढून काढायचं. विंचेच्छुकाचा जीव जडतो तो इथेच. ट्रॅक्टरवाल्याच्या विनवण्या नकोत, बांधावर जमलेल्यांचं ‘कशाला आणायची म्हणतो मी इकडं?’ ऐकणं नको. कुणाचं मिंधं न होता चिखलातून बाहेर पडण्याची सोय त्याला विकत घ्यायची असते. माझं म्हणणं एवढंच, की ती सोय विंच घेऊन मिळत नाही. आणि बहुधा हे त्यालाही आतून ठाऊक असतं, म्हणूनच तो विंच वापरण्यापेक्षा निवडण्यात जास्त रमतो.

त्याचा अभ्यास कच्चा असतो असं मात्र कुणी समजू नये. गाडीच्या भारासकट एकूण वजनाच्या किमान दीडपट ओढ हवी, हा नियम तो झोपेतही सांगेल. पाच दारांच्या जिम्नीचं हे वजन १,५४५ किलो, म्हणजे दीडपटीनं सुमारे २,३२० किलो, म्हणजे ५,१०० पौंडांच्या आसपास. एवढं अचूक गणित मांडून तो साडेनऊ हजारांचा विंच निवडतो आणि पुढच्या आठवड्यात ‘असू दे जरा जास्त’ म्हणत बारा हजारांवर जातो. मग दोराचा प्रश्न येतो. पोलादी दोर घासटीला टिकतो, पण जड असतो, त्याचे तुटलेले धागे हाताला ओरबाडतात आणि ताणाखाली तुटला तर तो सणकन परत फिरतो. सिंथेटिक दोर हलका आणि त्या मानानं सुरक्षित, पण ऊन, वाळू आणि धारदार दगड त्याला खातात. या वादात त्याची दिवाळी जाते, संक्रांत जाते. ‘अरे, पण आपण अडकणार कुठे?’ असं बायकोनं विचारलं, तर तो तिला फेअरलीडचे, म्हणजे दोर बाहेर पडतो त्या तोंडाचे, प्रकार समजावतो: पोलादी दोराला रोलरचं, सिंथेटिकला गुळगुळीत अॅल्युमिनियमचं. प्रश्नाचं उत्तर मिळालेलं नाही हे तिच्या लक्षात येतं. त्याच्या येत नाही.

आता त्याच्या लाडक्या आकड्याकडेच पाहू. साडेनऊ हजार पौंडांची ओढ मिळते ती ड्रमवर दोराचा एकच थर उरलेला असताना. वर जितके थर, तितकी ओढ कमी. चौथ्या थरावर ती सुमारे दोन-तृतीयांशावर येते. म्हणजे बांधायचं झाड जितकं जवळ, तितका दोर ड्रमवर शिल्लक आणि तितका विंच दुबळा. पूर्ण भाराला असा विंच चारशे अँपिअरच्या घरात वीज मागतो. अल्टरनेटर त्यातला थोडाच भाग पुरवतो, बाकीची बॅटरीतून जाते. म्हणून इंजिन चालू ठेवून, थांबून थांबून, मोटर निवू देत ओढावं लागतं. यावर विंचेच्छुक म्हणेल, की चाकं निम्मी गाडली गेली तर चिखलाची पकड गाडीच्या वजनाइतकी होते, चासी टेकली तर त्याहून कितीतरी जास्त. मग मोठा आकडा नको का? मुद्दा रास्त आहे. पण त्याचं उत्तर मोठा विंच नसून स्नॅच ब्लॉक नावाची कप्पी आहे. दोर तिच्यातून फिरवून परत गाडीला आणला की ओढ जवळजवळ दुप्पट होते, वेग निम्मा होतो आणि ड्रमवरचा दोरही जास्त सुटतो. कप्पीचा खर्च विंचाच्या मानानं किरकोळ. बहुधा म्हणूनच तिच्यावर कुणी रात्री जागवत नाही.

खरी अडचण दोराच्या दुसऱ्या टोकाला आहे. विंच ओढतो तो कशाला तरी धरून, आणि ते ‘काहीतरी’ दुकानात मिळत नाही. सह्याद्रीतल्या सड्यांवर कातळ आणि गवत भरपूर, पण दोन टनांची ओढ सोसेल असं झाड नेमकं समोर, नेमक्या अंतरावर क्वचितच. लडाखच्या वाळूत तर झाड शोधायलाच दुसरी गाडी लागेल. मुळशी-मावळात गाडी रुतते जुलैत, खाचरांच्या कडेला, आणि त्याच वेळी शेजारच्या खाचरात लोखंडी चाकांचा ट्रॅक्टर चिखलणी करत असतो. म्हणजे दोर बांधायला उरतं काय? दुसरी गाडी, नाहीतर तोच ट्रॅक्टर. ज्यांचे उपकार टाळण्यासाठी विंच घेतला, त्यांनाच ‘जरा ब्रेक दाबून उभे राहता का?’ असं विचारावं लागतं. आणि दुसरी गाडी हजर असेल, तर साध्या रुतण्याला ताणला जाणारा चांगला रिकव्हरी दोर, फावडं आणि चाकांतली हवा कमी करणं एवढं बहुतेक वेळा पुरतं.

‘मग चिखलातल्या स्पर्धांमध्ये विंचाशिवाय पान हलत नाही, ते कसं?’ हा आक्षेप वजनदार आहे. गोव्यात २०१४ पासून ऐन पावसाळ्यात झालेल्या रेनफॉरेस्ट चॅलेंजमध्ये विंच नसता तर गाड्या तिथेच उगवल्या असत्या. पण तिथे प्रत्येक गाडीत दोघं असतात. एक स्टिअरिंगवर बसतो. दुसरा दोर खांद्यावर घेऊन गुडघाभर चिखलातून झाडाकडे पळतो, खोडाला रुंद पट्टा बांधतो, दोरावर नजर ठेवतो. विंच जिथे खरोखर लागतो, तिथेही तो एकट्याचा नसतो. दुसरा आक्षेप: हौसेला मोल नसतं. कबूल, पण हौसेला कायदा असतो. बंपरापुढे बसवलेले धातूचे क्रॅशगार्ड मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ चं उल्लंघन आहेत, असं केंद्र सरकारनं डिसेंबर २०१७ मध्ये राज्यांना कळवलं आणि विंचासाठीचा लोखंडी बंपर त्याच वाटेवर उभा आहे. वर विंच आणि बंपर मिळून एका माणसाएवढं वजन पुढच्या स्प्रिंगवर कायमचं बसतं आणि एअरबॅगच्या सेन्सरचं गणित बिघडू शकतं.

तेव्हा विंचेच्छुकानं क्रम बदलावा. आधी चिखलात सोबत उतरणारी दुसरी गाडी, मग चासीला पक्के जोडलेले हुक, दोर, शॅकल, फावडं आणि चाकात हवा भरायचा पंप. स्पर्धेत उतरायचं असेल तरच विंच, तोही गाडीच्या वजनाला साजेसा, कप्पीसकट. जोडीला गाडी नसेल तर विंच भरवशाचा नाही. असेल तर बहुधा लागत नाही.