कंट्रोल बंद व्हायची वेळ

पहाटे अमरावतीहून निघालेला सायकलींचा जथा बडनेरा, मूर्तिजापूर, बोरगाव मंजू करत अकोल्याला पोचतो आणि लगेच उलटा फिरतो. ‘यायले काही कामधंदे नाहीत काय?’ हा प्रश्न वऱ्हाडात तेव्हा हमखास विचारला जातो. प्रश्न रास्त आहे, फक्त तो भलत्याच लोकांना विचारला जातोय. आमचं म्हणणं असं, की या विभागाचा कारभार वर्षभर तरी ब्रेव्हेच्या नियमांनी चालवून पाहावा. ब्रेव्हे म्हणजे ठरलेलं अंतर ठरलेल्या वेळेत पार करायची सायकलवारी. तिची अंतिम मान्यता थेट पॅरिसच्या क्लबकडून येते. 200 किलोमीटरला साडेतेरा तास, 300 ला 20, 600 ला 40. खिशात प्लॅस्टिकच्या पिशवीत, घामापासून जपलेलं एक घडीचं कार्ड असतं. त्यावर प्रत्येक थांब्याची, म्हणजे कंट्रोलची, उघडायची आणि बंद व्हायची वेळ छापलेली असते. 100 किलोमीटरवरचा कंट्रोल सहा तास चाळीस मिनिटांनी बंद. सकाळी सहाला निघालेला गडी 12.41 ला पोचला, तर ‘साहेब मीटिंगमध्ये होते’ चालत नाही. गंमत म्हणजे फार लवकर पोचला तरी कंट्रोल उघडेपर्यंत ताटकळावं लागतं. ही अडचण मात्र आपल्या कोणत्याही खात्याला येणार नाही.

सरकारी काम घड्याळावर होतच नाही, असं कुणी म्हणेल. त्याला याच रस्त्यानं उत्तर दिलंय. 3 जून 2022 ला सकाळी 7.27 ला लोणी ते माना डांबर पडायला लागलं आणि 7 जूनला संध्याकाळी पाचला थांबलं. 105 तास 33 मिनिटं, 75 किलोमीटर, 720 माणसं, आणि ऐन जूनचा वऱ्हाडी उकाडा. गिनीजमध्ये नोंद झाली, कतारचा आधीचा विक्रम मोडला. थट्टा बाजूला ठेवून सांगतो, काम जबरच होतं. मात्र हे 75 किलोमीटर एका लेनच्या हिशेबानं. दोन लेनचा रस्ता म्हणून मोजाल तर साडेसदतीस. दोन चाकं फिरली म्हणून 100 चे 200 लिहा, असं सायकलवाल्यानं म्हटलं, तर कार्ड तिथंच जप्त होईल. तरी मुद्दा उरतोच : कुणी मिनिटं मोजत उभं असलं, की वऱ्हाडात काम होतं.

दुसरा आक्षेप, हा पैसेवाल्यांचा षोक आहे. काहींच्या सायकलीची किंमत ऐकून मोटारसायकलवाला थबकतो हे खरंच. पण नियमांत महागड्या सायकलीची अट कुठं आहे? दिवे, चमकणारं जाकीट आणि पायात दम हवा. मदतीची गाडी दोन कंट्रोलच्या मध्ये चालत नाही, पंक्चर आपलं आपण काढायचं. इथं ठेकेदारांना घाम फुटेल. तिसरा आक्षेप जड आहे : सरकारी कामात भूसंपादन, निधी, मंजुऱ्या, शंभर भानगडी. मान्य. पण सायकलीलाही समोरचा वारा असतो, ऊन असतं, अवजड ट्रक असतात. एवढं करूनही जमलं नाही, तर ‘डीएनएफ’, म्हणजे ‘डिड नॉट फिनिश’, अशी सरळ नोंद होते आणि माणूस बडनेऱ्याची गाडी पकडून घरी जातो. त्यात कुणाला कमीपणा वाटत नाही. आपल्या फायलींना ही सोय नाही. त्या मरतही नाहीत आणि पोचतही नाहीत.

प्रयोगाला सुरुवात कुठून करायची, हेही सांगून ठेवतो. याच वाटेवरच्या मूर्तिजापुरातून शकुंतला रेल्वे एका बाजूला यवतमाळला आणि दुसऱ्या बाजूला अचलपूरला जायची. अचलपूरचा फाटा साधारण त्या विक्रमी आकड्याएवढाच, पंचाहत्तर किलोमीटरच्या आसपास. गाडी बंद पडलीय, ब्रॉडगेजची आश्वासनं चालू आहेत. रेल्वे मंत्रालयाला विनंती, की शकुंतलेच्या फायलीला एक ब्रेव्हे कार्ड जोडावं आणि मूर्तिजापूरचा कंट्रोल किती वाजता बंद होणार, ते त्यावर शाईनं लिहावं.