शिव शिव, चक्क नाचायचं गाणं!

ऐकलंत ना? आता 'छे, आम्ही नाही ऐकलं' असं म्हणू नका. सगळ्यांनी ऐकलंय. कुणी हेडफोन लावून, कुणी दाराला कडी घालून. स्टीव्हन विल्सनने पॉप गाणं केलं! बरं, केलं तर केलं, अल्बमच्या शेवटी कुठेतरी कोपऱ्यात लपवून तरी ठेवावं? ते नाही. ऐन मध्यावर, निर्वासितांवरच्या गंभीर गाण्याला अगदी खेटून बसवलं. ठणठण पियानो, टिपेला चढलेला आवाज आणि धृपद असं, की सकाळी कानात शिरलं तर रात्री दात घासताना तोंडातून बाहेर पडावं. २०१७ सालची ही गोष्ट. अल्बम 'टू द बोन', गाणं 'पर्मनेटिंग', लांबी साडेतीन मिनिटं. साडेतीन! अहो, आपल्या या माणसाच्या गाण्यात साडेतीन मिनिटांत मेलोट्रॉन नावाच्या कीबोर्डचं नुसतं घसा खाकरणंही आटपत नसे. आणि आता तेवढ्यात सुरुवात, मध्य, शेवट, वर आनंद? प्रोग्रेसिव्ह रॉकमध्ये आनंद? शिव शिव शिव.

ज्यांना या प्रकरणाचं गांभीर्य कळत नाही त्यांच्यासाठी थोडं. प्रोग म्हणजे काय? गाणं वीस मिनिटांचं. मात्रा सात, नाहीतर नऊ, नाहीतर सात म्हणता म्हणता नऊ. मध्येच बासरी, मध्येच वादळ, मध्येच कुणीतरी मरतं. टाळी वाजवायची सोय नाही, कारण वाजवली की चुकते, आणि शेजारचा काळ्या टीशर्टवाला आपल्याकडे असं बघतो की पुन्हा म्हणून हात वर करायची इच्छा होऊ नये. आपण हे सगळं सोसलं ते कशासाठी? बाकीचं जग चार मात्रांवर उड्या मारतंय आणि आपण मात्र खुर्चीत बसून भुवया आक्रसून विचार करतोय, या एका सुखासाठी ना! हे सोवळं आपण वर्षानुवर्षं सांभाळलं. आणि ते मोडलं कुणी? ज्याच्याकडे किल्ल्या होत्या त्यानेच!

कारण विल्सन म्हणजे काय साधा माणूस आहे का? किंग क्रिम्सन, येस, जेथ्रो टल यांचे जुने अल्बम नव्याने मिक्स करायचे तर विश्वासाने याच्याच हाती सोपवायचे. २०१३ चा त्याचा 'द रेव्हन दॅट रिफ्यूज्ड टू सिंग' ध्वनिमुद्रित करायला साक्षात ॲलन पार्सन्स, म्हणजे पिंक फ्लॉइडच्या 'डार्क साइड ऑफ द मून'चा इंजिनीअर. मंचावर हा अनवाणी उभा राहणार. संगीताचा चोथा करणाऱ्या एमपीथ्रीचा याला एवढा संताप, की 'इन्सर्जेंटीस' या पहिल्या एकल अल्बमच्या वेळी त्याने आयपॉड हातोड्याने फोडून दाखवले होते. आपण धन्य धन्य म्हणालो होतो. आपल्या खिशात तेव्हा आयपॉड होता, ती गोष्ट वेगळी.

आणि आपली त्याच्याशी ओळख काही लांबून झालेली नाही. डिसेंबर २००९ मध्ये त्याचा बँड पॉर्क्युपाइन ट्री पवईला आयआयटीच्या 'मूड इंडिगो'त येऊन गेला. तिथे हजर होतो असं सांगणाऱ्यांची संख्या दरवर्षी वाढतेच आहे. लवकरच ती पवई तलावात मावायची नाही. २०१६ च्या डिसेंबरात तो पुण्यात वीकेंडर महोत्सवाला आला, तेव्हाही आपण मान डोलावली ती हिशेबाने, एक मात्रा इकडेतिकडे होऊ न देता. आणि पुढच्याच वर्षी हे! पुण्याहून परत गेला आणि पहिलं काम काय केलं असेल, तर पॉप! आता यात पुण्याचा दोष किती आणि पाण्याचा किती, हे ज्याचं त्याने ठरवावं.

मग जो हलकल्लोळ झाला, तो काय वर्णावा! काहींनी थेट सुतक धरलं. काही म्हणाले, पैशासाठी विकला गेला. पैसा? प्रोगवाल्याकडे पैसा येतोय म्हटल्यावर खरं तर पेढे वाटायचे, पण नाही. काहींनी समजूतदारपणाचा आव आणला. हा उपहास आहे हो, तुम्हाला वरवर आनंदी वाटतं, आत बघा केवढं दुःख आहे. आत बघितलं. आत आणखी आनंद होता. आणि त्याच अल्बममध्ये नऊ मिनिटांचं 'डिटोनेशन' ठेवलंय, त्याचं कुणी नाव काढलं का? काढतील कसे? साडेतीन मिनिटांतून बाहेर पडले तर ना! जे गाणं सहन होत नाही म्हणून माणसं ओरडत होती, तेच पुन्हापुन्हा लावून, नेमकं कुठल्या सेकंदाला सहन होत नाही, याची नोंद घेत होती. दहाव्या खेपेला पाऊल हलायला लागलं. विसाव्या खेपेला 'तसं वाईट नाही' झालं. त्यापुढचं कुणी सांगत नाही, पण चेहऱ्यावर दिसतं.

आणि आता खरा मसाला. २०१८ च्या मार्चमध्ये लंडनच्या रॉयल अल्बर्ट हॉलमध्ये ओळीने तीन रात्री कार्यक्रम. गाण्याआधी या गृहस्थांचं भाषण, की पॉप म्हणजे पाप नव्हे, ॲबा हा थोर बँड, आता उठा आणि नाचा. नाचा! कुणाला सांगतोय हा? ज्यांनी आयुष्यात फक्त भुवई हलवली त्यांना! आणि मग मंचावर काय अवतरावं? बॉलिवूड नृत्य! चक्क ठुमके, चक्क घागरे, चक्क हात हवेत! म्हणजे बघा, आपण जन्मभर लग्नाच्या वरातीतून, गणपतीच्या मिरवणुकीतून, सोसायटीच्या गॅदरिंगमधून पळ काढून ज्याच्या दारात आसरा घेतला, त्याने दार उघडलं आणि आत तेच चालू! कुठे जावं माणसाने? मेलोट्रॉनमध्ये लपावं? बरं, त्या कार्यक्रमाची ब्लू-रे निघाली तेव्हा ती घेतली कुणी? आपणच. आणि ते गाणं आलं की पुढे ढकलतो कोण? कुणीच नाही. घागऱ्यांची शिलाई नीट झाली आहे की नाही ते तपासायला नको?

पण आपण एवढे दचकलो तरी का, हा खरा प्रश्न आहे. या माणसाने काही लपवलं होतं का? लहानपणच्या घरातल्या दोन तबकड्यांची गोष्ट तो सांगून सांगून थकला. वडील ऐकायचे 'डार्क साइड ऑफ द मून' आणि आई ऐकायची डॉना समरचं डिस्को. पोरगं दोन्हींच्या मध्ये वाढलं. आपण सोयीने फक्त वडिलांकडचं नातं लक्षात ठेवलं. मागल्या शतकात टिम बोनेसबरोबर नो-मॅन नावाचा उद्योग चालवत होता, त्यात नाचाचे ठेके होतेच. १९९९ मध्ये पॉर्क्युपाइन ट्रीने 'स्टुपिड ड्रीम' काढला, तेव्हाही जुनी मंडळी किंचाळली होती, की ते स्वप्नाळू तरंगणं गेलं आणि गाणी आली हो, गाणी! पुढे २००२ मध्ये 'इन अब्सेन्शिया'त मेटलची धार आली, तेव्हा किंचाळायची पाळी दुसऱ्यांची. मग मेटलवाले रुळले, आणि त्याने मेटल कमी केलं. मग तेही! आज 'इन अब्सेन्शिया'वर कुणी ब्र काढून बघावा, त्याला गावाबाहेर काढतील. थोडक्यात, त्याचं काम अल्बम काढायचं, आपलं काम बोंब मारायचं, आणि गेली पंचवीसएक वर्षं दोन्ही खाती चोख आहेत.

आणि बाटण्याची ही काय पहिली वेळ? जेनेसिसचं विसरलात? १९७२ ला 'सपर्स रेडी' नावाचं तेविसेक मिनिटांचं एकच गाणं करणारे हे सोज्वळ लोक. पीटर गॅब्रिएल १९७५ मध्ये सोडून गेला, फिल कॉलिन्स ड्रमच्या मागून उठून माइकपुढे आला, आणि १९८६ पर्यंत 'इनव्हिजिबल टच' अमेरिकेत पहिल्या नंबरावर! सगळे म्हणाले, बघा, गॅब्रिएल असता तर हे पातक घडलं नसतं. आणि त्याच वर्षीच्या जुलैत त्या गाण्याला खाली खेचून पहिल्या नंबरावर कोण बसावं? गॅब्रिएलचं 'स्लेजहॅमर'! असली सूडकथा मालिकेत दाखवली तर लेखकाला जोडे पडतील. येसची तर बातच सोडा. १९७३ मध्ये परमहंस योगानंदांच्या आत्मचरित्रातली एक तळटीप वाचून त्यांनी चार बाजूंवर चार गाणी पसरलेला जोड-अल्बम केला. एका तळटिपेवर! अख्खं पुस्तक वाचलं असतं तर आपण अजून ऐकत बसलो असतो. त्याच अल्बमच्या दौऱ्यात मँचेस्टरला कीबोर्डवाला रिक वेकमन वाजवता वाजवता मंचावरच करी खायला बसला. आणि याच येसने दहा वर्षांनी 'ओनर ऑफ अ लोनली हार्ट' काढून अमेरिकेत पहिला नंबर पटकावला. तेव्हा ज्यांनी कपाळ बडवून घेतलं, तेच आज ते गाणं लागलं की स्टिअरिंग बडवतात.

असो. विल्सनकडे येऊ, कारण त्याला मुळीच शरम नाही आणि म्हणूनच तो आपल्याला आवडतो. म्हणजे, नावडतो. 'टू द बोन' इंग्लंडच्या यादीत तिसरा आला, तेवढ्यावर थांबावं ना? २०२१ च्या जानेवारीत 'द फ्यूचर बाइट्स'. आता गिटारच्या जागी सिंथेसायझर, आणि विषय काय? खरेदी! माणसं कशी वेड्यासारखी वस्तू विकत घेत सुटतात, यावर टीका. 'पर्सनल शॉपर' नावाच्या गाण्यात साक्षात एल्टन जॉन खरेदीची यादी वाचून दाखवतो. एल्टन जॉन! गात नाही, यादी वाचतो! किराण्याची यादी वाचायला एवढा महागडा माणूस याआधी कुणी बसवला होता का? आणि या टीकेच्या जोडीला विकायला काय? एलपी, कॅसेट, ब्लू-रे, पेटी. शिवाय एक खास आवृत्ती, जगात एकच प्रत, किंमत दहा हजार पौंड. ती गेली आणि पैसे छोट्या संगीत-दालनांना वाचवणाऱ्या ट्रस्टला दिले, म्हणून आपलं तोंड बंद झालं. नाहीतर काय काय बोललो असतो!

पण गंमत बघा. वस्तूंच्या हव्यासावरचा हा अल्बम ज्यांना अजिबात आवडला नाही, त्यांनी तो किती प्रकारांत घेतला? काळी तबकडी ऐकायला, रंगीत तबकडी ठेवायला, ब्लू-रे खोलीच्या पाच कोपऱ्यांतून निराश व्हायला. पेटी उघडायची नाही, प्लास्टिकसकट कपाटात. आवडला असता तर एकच घेतला असता हो. राग आला की खर्च वाढतो.

आणि बाटलेले! त्यांचा तोरा तर विचारूच नका. कालपर्यंत 'कोरस' म्हटलं की ज्यांना मळमळायचं, ते आता आपल्याला ॲबाच्या स्वररचनेवर व्याख्यान देतात. त्यात म्हणे बाखइतकी गुंतागुंत आहे. म्हणजे नाचायचं तर सरळ नाचणार नाहीत, आधी प्रबंध लिहिणार. केट बुशचा 'हाउंड्स ऑफ लव्ह', गॅब्रिएलचा 'सो', टॉक टॉक, टिअर्स फॉर फिअर्स, ही नावं आता मंत्रासारखी पुटपुटली जातात, कारण 'टू द बोन'मागे याच मंडळींची प्रेरणा आहे. हे अल्बम ऐंशीच्या दशकात आपल्या धाकट्या बहिणीच्या खोलीतून ऐकू आले, तेव्हा 'बंद कर ते' म्हणून ओरडलं कोण होतं? बहिणी विसरलेल्या नाहीत बरं का.

एवढं करून २०२५ च्या मार्चमध्ये त्याने काय करावं? 'द ओव्हरव्ह्यू'. अख्ख्या अल्बममध्ये गाणी दोन! एक तेवीस मिनिटांचं, एक अठरा. विषय अंतराळ. सुतकात बसलेले ताडकन उठले. आला, घरी परत आला! पोरगं सुधारलं! जो तो गहिवरून मात्रा मोजायला बसला. बाटलेल्यांचे चेहरे मात्र पडले. हे काय, नाचायचं कधी? आता त्यांची पाळी, 'तो मागे वळला, घाबरला, विकला गेला' म्हणायची. म्हणोत बापडे.

पण त्या पवित्र तेवीस मिनिटांच्या पोटात एक भाग आहे. घरातल्या बारीकसारीक भानगडी आणि आकाशातले भयंकर उत्पात तिथे शेजारी शेजारी मांडलेत, आणि चाल अशी की पहिल्यांदा ऐकतानाच ओठ हलतात. शब्द कुणाचे म्हणता? एक्सटीसीच्या अँडी पार्ट्रिजचे. पॉपवाला! मुरलेला, नावाजलेला, अस्सल पॉपवाला! 'टू द बोन' या शीर्षकगीताच्या शब्दांतही हेच महाशय होते, हे सुधारल्याचे पेढे वाटणाऱ्यांपैकी कुणाच्या लक्षात आलंय का? नसेल तर सांगू नका. पेढे आधी हातात पडू द्या.