महाराज, एक्झिट कधी?

पुणेकर कुटुंबाची शनिवार-रविवारची सहल ठरते बुधवारी, मोडते शुक्रवारी रात्री, आणि तरीही शनिवारी सकाळी सगळे गाडीत बसलेले असतात. कुठे जायचं यावर एकमत झालेलं नसतं. दशम्या मात्र झालेल्या असतात, आणि प्रवासासाठी केलेल्या दशम्या घरी बसून खाणं आमच्या आईला मान्य नाही.

या वेळी ठरवाठरवीला माणसांची गरजच नव्हती. ओंकार, म्हणजे माझ्या बहिणीचा मुलगा, हिंजवडीतली चांगली नोकरी सोडून स्टार्टअप काढतो आहे. कंपनीचं नाव अजून ठरलेलं नाही, पण लोगो ठरला आहे आणि त्याचे टी-शर्टही छापून आले आहेत. कल्पना अशी की कुटुंबातल्या प्रत्येकाने आपापल्या आवडीनिवडी अ‍ॅपमध्ये भरायच्या, आणि सगळ्यांचं समाधान होईल अशी सहल कृत्रिम बुद्धिमत्ता ठरवून देणार.

"मामा, फॅमिली वीकेंड हा भारतातला फार मोठा पेन पॉइंट आहे," तो म्हणाला. पंचावन्नाच्या पुढे पेन पॉइंट म्हटलं की हात आपोआप कमरेकडे जातो. तेवढ्यात त्याने पुढचं सांगितलं. सध्या 'फ्रेंड्स अँड फॅमिली राउंड' चालू आहे. मी दोन लाख घातले तर मला अर्धा टक्का मिळेल. मी मनात हिशोब केला. म्हणजे नाव नसलेली ही कंपनी आजमितीला चार कोटींची होती. एवढ्या श्रीमंत माणसाला डिझेलचे पैसे मागावेत की नाही, या पेचात मी स्टार्टर मारला.

फॉर्म सगळ्यांनी भरले होते. आईने 'देवी' भरलं. मुक्ताने, म्हणजे आमच्या चौदा वर्षांच्या कन्येने, 'कॅफे, शांतता, फुल रेंज' भरलं. मी 'घाट नको' भरलं. बायकोला हवं होतं ते यादीत नव्हतं म्हणून तिने 'इतर' या रकान्यात काहीतरी लिहिलं. ओंकारने स्वतःसाठी 'उद्योजकता' टाकलं. अ‍ॅपने क्षणभर गोल गोल फिरून उत्तर दिलं: शनिवारी औंध, मुक्काम कऱ्हाड, रविवारी किर्लोस्करवाडी. उत्तर चांगलं होतं हे मान्य करायला हवं. फक्त वाटेत खंबाटकी होता. बोगदा परतीच्या वाटेवर होता, जाताना घाटच चढावा लागला, हे बुद्धिमत्तेला ठाऊक नव्हतं.

टोलनाक्यावर रांग होती. फास्टॅग सक्तीचा झाला त्याला, १५ फेब्रुवारी २०२१ ची मध्यरात्र धरली तर, आता बराच काळ लोटला. सुट्या पैशांवरून होणारी भांडणं त्यामुळे बंद झाली. आता भांडणं 'बॅलन्स होता' या विषयावर होतात. आमच्या पुढच्या गाडीतले गृहस्थ खाली उतरून मोबाइलचा पडदा स्कॅनरला दाखवत होते, देवापुढे निरांजन धरावं तसा.

सातारा मागे पडल्यावर जेवणाचा प्रश्न निघाला. मुक्ताला साताऱ्यातला कॅफे हवा होता, बायकोला कऱ्हाडच्या बाजूचं एक बऱ्यापैकी हॉटेल, आणि आईला दशम्या सोडायला झाडाची सावली. ओंकारने तिन्ही मागण्या अ‍ॅपमध्ये भरल्या. अ‍ॅपने तिघींच्या जागांची सरासरी काढली. सरासरी रहिमतपूरच्या अलीकडे उसात निघाली.

"आपण इच्छित स्थळी पोहोचला आहात," फोनमधल्या बाई म्हणाल्या. डावीकडे ऊस, उजवीकडे ऊस, समोर ऊस भरलेली ट्रॉली आणि तिच्या मागे आम्ही. तोडणी चालू होती. डोक्यावरची मोळी सावरत एका बाईने गाडीत वाकून पाहिलं आणि "पाहुणं चुकल्यात" असा निकाल देऊन ती पुढे गेली. ओंकारने वहीत 'एज केस' असं लिहून घेतलं. आईने तोवर बांधावर सतरंजी पसरली होती. दशम्या, शेंगदाण्याची चटणी, दह्याचा डबा. मुक्ताने कॅफेचं नाव काढलं नाही, कारण उसाच्या मधोमध रेंज फुल होती. "बघा, यूझर समाधानी आहे," ओंकार म्हणाला. त्याच्या हातात तिसरी दशमी होती.

सातारा जिल्ह्यातून जात होतो म्हणून मी त्याला कैलाश काटकरांची गोष्ट सांगितली. मूळचे याच जिल्ह्यातले. दहावीनंतर पुण्यात कॅल्क्युलेटर दुरुस्त करायची नोकरी, मग स्वतःचं दुरुस्तीचं दुकान, मग भाऊ संजय यांनी लिहिलेला व्हायरस काढायचा प्रोग्राम, म्हणजे आपलं क्विक हील. आधी गिऱ्हाइकाची बिघडलेली मशीन टेबलावर आली, कंपनी नंतर. ओंकार म्हणाला, "तो काळ वेगळा होता." हे वाक्य आमच्या पिढीचं होतं. हल्ली ते तिकडे गेलं आहे.

औंधला यमाईच्या डोंगरावर श्री भवानी संग्रहालय आहे. १९३८ साली हे उभं केलं ते औंध संस्थानचे राजे बाळासाहेब पंतप्रतिनिधींनी. संस्थान अवघं बहात्तर गावांचं, तेही एका जागी नाही, दुसऱ्यांच्या मुलखात विखुरलेलं. पण आत राजा रविवर्मा आहे, आणि हेन्री मूरचं 'मदर अँड चाइल्ड'सुद्धा आहे. त्या दगडी मायलेकरासमोर आई बराच वेळ उभी राहिली आणि म्हणाली, "चेहरा नाही, पण पोराला धरलंय बरोबर." कलासमीक्षक यावर चार पानं लिहितात.

ओंकारला चित्रांत रस नव्हता. मग मी त्याला महाराजांचं खातंच उघडून दाखवलं. हा राजा स्वतः चित्रकार, सूर्यनमस्काराचा प्रचारक, आणि मराठी मुलखातला बहुधा सगळ्यात हिकमती गुंतवणूकदार. लक्ष्मणराव किर्लोस्करांना जागा दिली, ओगले बंधूंचा काचकारखाना याच्याच संस्थानात उभा राहिला, आणि भांडारकर संस्थेच्या महाभारताच्या चिकित्सक आवृत्तीसाठी लाख रुपये देऊ केले ते यानेच. काम १९१९ ला सुरू झालं.

"मग एक्झिट कधी मिळाली?" ओंकारने विचारलं.

"महाराज १९५१ साली वारले. आवृत्ती १९६६ ला पुरी झाली."

ओंकार गप्प झाला. सत्तेचाळीस वर्षं हा आकडा त्याच्या एक्सेलच्या कुठल्याच रकान्यात बसत नव्हता. त्याच्या गुंतवणूकदारांना पाच वर्षांत पैसे दहापट करून हवे असतात. व्यास त्यांच्याकडे गेले असते तर त्यांनी आदिपर्व तेवढं लाँच करा, बाकीचं मागणी बघून, असं सांगितलं असतं.

कऱ्हाडला प्रीतिसंगमावर संध्याकाळ घालवली. कृष्णा-कोयना समोरासमोर येऊन भिडतात ते पाहिलं, भेळ खाल्ली, झोपलो. लॉजबद्दल न लिहिलेलं बरं.

रविवारी सकाळी ओगलेवाडी. कऱ्हाडचं रेल्वे स्टेशन इथेच आहे, म्हणून उतरलेला माणूस आधी ओगलेवाडीत येतो आणि मग कऱ्हाड शोधतो. १९१६ साली इथे ओगल्यांचा कारखाना सुरू झाला आणि त्यांचा प्रभाकर कंदील घरोघर गेला. आईला इथे कंठ फुटला. "काच राखेनं पुसायची. मोठ्या माणसाचा हात आत जायचा नाही, म्हणून काम आम्हा पोरींकडं. तडकली की पाठीत धपाटा. रोज तिन्हीसांजेच्या आत सगळे कंदील लखलखीत पाहिजेत."

"चालायचा किती वेळ?" ओंकारने विचारलं.

"रॉकेल संपेपर्यंत."

पुढे पलूसच्या रस्त्याला लागलो. दोन्हीकडे द्राक्षबागा सुरू झाल्या. गाडीत किर्लोस्करांची गोष्ट मीच सांगितली, कारण ती सांगायची म्हणून तर मी घाट सोसला होता. लक्ष्मणराव मुंबईला जे. जे. मध्ये चित्रकला शिकायला गेले आणि तिथे कळलं की त्यांना काही रंगच नीट ओळखता येत नाहीत. मग यंत्रांच्या आकृत्या काढायला शिकले, व्हीजेटीआयमध्ये शिकवलं, बढती डावलली गेली तेव्हा नोकरी सोडली. बेळगावात भावाबरोबर सायकलींचं दुकान काढलं. कडबा कापायचं यंत्र केलं, मग लोखंडी नांगर. तो कुणी घेईना. लोखंडाने जमिनीला विष चढतं अशी शेतकऱ्यांची पक्की समजूत. पहिला नांगर विकायला दोन वर्षं लागली. त्यात बेळगावच्या नगरपालिकेने जागा सोडायला लावली. तेव्हा औंधच्या महाराजांनी कुंडल रोड स्टेशनजवळची बत्तीस एकर जमीन आणि दहा हजार रुपये दिले. जमीन म्हणजे निवडुंग आणि साप. रंग न ओळखणाऱ्या माणसामागे चित्रकार राजा उभा राहिला, आणि १० मार्च १९१० ला किर्लोस्करवाडी वसली. पहिल्या महायुद्धात लोखंड मिळेना, तर कोल्हापूरच्या शाहू महाराजांनी पन्हाळ्यावरच्या जुन्या तोफा वितळवायला दिल्या. तोफांचे नांगर झाले.

"आणि मार्केटिंग?" ओंकारने विचारलं.

"१९२० साली 'किर्लोस्कर खबर' निघाली. कारखान्याचं वार्तापत्र. त्याचंच पुढे 'किर्लोस्कर' मासिक झालं, जोडीला 'स्त्री' आणि 'मनोहर' आली."

"'स्त्री' आपल्याकडं यायचं," आई म्हणाली. तिने जन्मात नांगर विकत घेतला नाही, पण नांगरवाल्यांनी तिला वाचायला लावलं. अशी जाहिरात आज कुणी करत असेल तर मला दाखवा. मला रोज येतात त्या सगळ्या एकाच गादीच्या असतात, आणि ती गादी मी गेल्याच वर्षी घेतली आहे.

कारखाना काही सहलीला जायची जागा नव्हे. आम्ही स्टेशनवर गेलो. फलाटावर पिवळी पाटी, काळी अक्षरं: किर्लोस्करवाडी. बाकावर एक आजोबा गाडीची वाट बघत होते. पायाशी पिशवी, पिशवीत मेथीच्या जुड्या, वर वर्तमानपत्राचं ओलं पान. त्यांनी ओंकारला टी-शर्टवरच्या चित्राचा अर्थ विचारला आणि ओंकारने मेथीच्या साक्षीने पूर्ण पिच दिलं. आजोबांनी शांतपणे ऐकून घेतलं.

"म्हंजी कुठं जायाचं ते फोन सांगनार?"

"हो."

"आमच्यात म्हातारी सांगती. ज्योतिबा म्हनली की ज्योतिबा."

ओंकारने विषय बदलला. "आजोबा, लोखंडी नांगराला लोक घाबरायचे म्हणे?"

"आमचा आज्जा सांगायचा. रान नासतंय म्हनायचे."

"मग घेतला कसा?"

"शेजाऱ्यानं घेतला की. त्याचं रान बघितलं, मग आमी घेतला."

ओंकारने वही काढली. ग्राहक कसा मिळवावा यावर त्याने हजारो रुपयांचा ऑनलाइन कोर्स केला आहे. आजोबांची गाडी आली आणि ते मेथीसकट गेले.

परतीच्या वाटेवर, कऱ्हाडच्या अलीकडे, बायको बोलली. "ओंकार, मी त्या 'इतर'मध्ये काय लिहिलं होतं, वाचलंस?"

"मामी, ते फ्री टेक्स्ट आहे. मॉडेल ते घेत नाही."

"स्वच्छ बाथरूम, असं लिहिलं होतं. काल सकाळपासून गाडीत मी पाणी किती प्यायले असेन? घोट-दोन घोट. तुझ्या आजीनं तेवढंही नाही. प्रत्येक सहलीत असंच असतं, आणि सगळे म्हणतात बायकांचं डोकं दुखतं. कुठे जायचं ते आम्हाला कळतं रे. मध्ये कुठे थांबता येईल ते कुणी सांगत नाही. नुसतं आहे असं नको. आत कडी आहे का, पाणी आहे का, दिवा लागतो का, आज सकाळी तिथे गेलेली बाई काय म्हणाली, हे सांग."

शेतकऱ्याने न मागितलेला नांगर दोन वर्षं दारोदार दाखवणारा माणूस मोठाच. पण इथे गिऱ्हाईक मागच्या सीटवर बसून मागतं आहे, फॉर्म भरून मागतं आहे, आणि यंत्र म्हणतं, हा रकाना आम्ही वाचत नाही. मी गाडी चालवत होतो म्हणून हे मोठ्याने बोललो नाही. शिवाय बायकोचं डोकं दुखतं म्हणणाऱ्यांत मी पहिला.

"पण मामी, हे फार छोटं वाटतं," ओंकार म्हणाला. "इन्व्हेस्टर पहिला प्रश्न विचारणार, मार्केट किती?"

मुक्ताने फोनमधून डोकं वर काढलं. "अर्धं," ती म्हणाली आणि पुन्हा खाली घातलं.

पुढचा बराच रस्ता ओंकार बोटांवर काहीतरी मोजत होता. साताऱ्याजवळ त्याने जाहीर केलं की तो पिव्हट करतो आहे. लोगो बदलावा लागेल, टी-शर्ट वाया जातील. पण हायवेवरच्या हॉटेलांत रोज कुणीतरी प्रत्यक्ष जाऊन पाहायला हवं, आणि त्याला पैसे लागतील.

आईने पर्स उघडली. तिच्या पर्सला आत एक चोरकप्पा आहे, हे आम्हाला ठाऊक आहे. त्यात किती आहे हे वडिलांनाही कधी कळलं नाही.

"महाराजांनी त्या किर्लोस्करांना पैसे दिले, ते व्याजानं का बिनव्याजी?" तिने मला विचारलं.

"बिनव्याजी."

"ते राजे होते," आई म्हणाली. "मी सहा टक्के घेईन. आणि पहिल्यांदा त्या खंबाटकीच्या अलीकडच्या हॉटेलात जाऊन ये. तिथली कडी मोडलीय."